मीटरची गरम पावलं

माकोपानो: तिथेच थांब. त्या पांढऱ्या दगडाच्या अलीकडे पाऊल टाकायचं नाही.

मोसा: म्मे, मी अजून अंगणातसुद्धा नीट आलेले नाही.

माकोपानो: येणार होतीस. छपरात बोरू खोवलाय, दिसत नाही का?

मोसा: दिसतो. आत बाळंतीण आहे हे मला बोरूने सांगायला नको. बाळ माझ्या भावाचं आहे. मोलेफीच्या डोक्यावर गार पाण्याची बादली ओतायला तुम्ही माणूस धाडलात, तेव्हा मी शेजारीच उभी होते. निम्मं पाणी माझ्या अंगावर आलं.

माकोपानो: मुलगी झाली की बापाला पाण्याने भिजवतात. मुलगा झाला असता तर काठीने बडवला असता. मग बरं वाटलं असतं तुला?

मोसा: मी पाण्याची तक्रार करायला आलेले नाही.

माकोपानो: मग कसली तक्रार आहे? अशा बर्फाच्या वाऱ्यात कुणी नुसतं विचारपूस करायला डोंगर चढत नाही. आणि आधी सांग, आलीस कुठून?

मोसा: खालच्या गावाहून.

माकोपानो: खालच्या गावात कुणाकडून?

मोसा: मयताहून. मोत्लात्सीला आणि त्याच्या बायकोला पुरलं आज. मी त्यांच्या मातीला गेले होते.

माकोपानो: बघ. वाटेवर तुझी चाल बघूनच म्हटलं, ही मयताहून येतेय. गरम पावलांनी तान्ह्या बाळाच्या दारात आलीस. शिकलेली माणसं म्हणे.

मोसा: तिथल्या फाटकात कोरफडीच्या पाण्याने हात धुतलेत, म्मे. सगळ्यांनी धुतले तसे.

माकोपानो: हात धुतलेस. चालत आलीस ती काय हातांवर?

लिंफो: आई, कोण आहे गं?

माकोपानो: तुझी नणंद. तू पड. दाराकडे तोंड करू नकोस.

मोसा: लिंफो, कशी आहेस?

लिंफो: औसी मोसा? बरी आहे. डोकं ठणकतंय फक्त. सकाळी दोनदा उलटी झाली.

मोसा: आज सकाळीच?

लिंफो: रोजच. सकाळी उठवतच नाही. हातपाय पिंजलेल्या कापसासारखे होतात.

माकोपानो: बाळंतिणीचं डोकं दुखणारच. तुझं लग्न झालं नाही, तुला काय कळणार त्यातलं? पहिलं बाळंतपण आईकडेच का करतात? आईला कळतं म्हणून.

मोसा: आणि बाळ?

माकोपानो: बाळ म्हणजे सोनं आहे सोनं. रडणं म्हणून माहीत नाही. झोपलं की झोपलं. शेजारच्या बायका विचारतात, घरात तान्हं आहे की नाही?

मोसा: दूध पितं?

लिंफो: तोंडात दिलं की झोपी जाते, औसी. गालाला चिमटा काढला तरी नुसती कुरकुरते.

मोसा: म्मे, मला हेच ऐकायची भीती होती. खोलीत शेगडी असते ना?

माकोपानो: नाही तर काय, थंडीने मारू त्यांना? वरती डोंगर पांढरे झालेत.

मोसा: कोळशाची?

माकोपानो: दगडी कोळशाची. पण मी काही वेडी नाही. शेगडी बाहेर पेटवते. तिचा काळा धूर, पिवळा धूर, सगळा जाऊ देते. निखारा लालभडक झाला, धुराचा पत्ता उरला नाही, की मगच आत नेते. धूर गेला म्हणजे विष गेलं. हे माझ्या सासूने मला शिकवलं आणि तिच्या सासूने तिला.

मोसा: मोत्लात्सीच्या बायकोच्या सासूनेही तेच शिकवलं होतं. त्यांच्या खोलीतही धूर नव्हता. लाल निखारा होता आणि दार घट्ट लावलेलं होतं. दोघं झोपले ते उठलेच नाहीत.

माकोपानो: त्यांच्यावर करणी केली होती. मेंढ्यांवरून भांडण होतं त्याचं. सगळ्या खोऱ्याला माहीत आहे.

मोसा: करणी नाही, कोळसा. निखारा लाल झाला तरी त्यातून एक वायू निघत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात शिरतो, आधी डोकं दुखवतो, मग उलटी, मग झोप. लहान जिवाला लवकर लागतो. लिंफोला काय काय होतंय ते आत्ताच तिने सांगितलं, आणि तुम्ही म्हणताय बाळ सोनं आहे.

माकोपानो: वास नाही, रंग नाही, दिसत नाही. आणि मी करणी म्हटलं की मी अडाणी.

मोसा: म्हणून तर हे आणलंय. हे बघा. हातात मावतं. हवेत तो वायू किती आहे ते आकड्यात दाखवतं. दवाखान्यातून मागून आणलंय, उद्या परत द्यायचंय.

माकोपानो: असं होय. आता कळलं. तुझ्या आईने धाडलं.

मोसा: आईला मी इकडे आल्याचं माहीतही नाही.

माकोपानो: सून माहेरी आहे, नात माहेरी आहे, तर माहेरची हवा मापून घ्या. पुढच्या वेळी माझं पीठ मोजायला याल. सासरची माणसं मुलगी मागायला आली होती तेव्हा माझ्या घरची हवा चांगली गोड लागली होती. बिअर प्याली, मेंढी खाल्ली, नाचून गेली.

मोसा: म्मे, माझं डोकं फिरवू नका. मी तुमच्या घराला नावं ठेवायला आलेले नाही. हे एवढंसं यंत्र खोलीत न्यायचं, दार लावायचं, थोडा वेळ थांबायचं. आकडा शून्याजवळ राहिला तर मी तुमच्या पाया पडते आणि गुपचूप घरी जाते.

माकोपानो: आणि नाही राहिला तर?

मोसा: तर शेगडी बाहेर.

लिंफो: आई, बघू दे ना तिला.

माकोपानो: तू गप. बाळंतिणीने एवढं बोलू नये. आण इकडे ते. दगडावर ठेव आणि मागे हो. आणखी मागे.

मोसा: ठेवलं.

माकोपानो: पिशवीत आणखी काय आहे?

मोसा: वाळवलेली पीचं. लिंफोसाठी. ओढ्यापलीकडच्या म्हाताऱ्या पुसेलेत्सोने दिलीत. मी वाटेने येताना दारात उभी होती. बाळाचं विचारत होती.

माकोपानो: ते नाव माझ्या अंगणात घ्यायचं नाही.

मोसा: मी नुसतं—

माकोपानो: नुसतंही नाही. पीचं जाताना ओढ्यात टाक.

मोसा: बरं. टाकेन. पण— म्मे, थांबा! ते बादलीत कशाला बुडवताय?

माकोपानो: कोरफडीचं पाणी आहे. हे यंत्र कुठे होतं सकाळी?

मोसा: माझ्या पिशवीत.

माकोपानो: आणि पिशवी कुठे होती? मयतात. म्हणजे यंत्रही मयताहूनच आलंय. तुझे पाय तेच त्याचे पाय.

मोसा: मीटर पाण्यात बुडवलं तर मरेल. मग दवाखान्यात मी काय सांगू? त्याची पावलं गरम होती म्हणून त्याला आंघोळ घातली?

माकोपानो: न धुता आत जाणार नाही.

मोसा: पुसा. ओल्या फडक्याने पुसा, घट्ट पिळून. पुढे ती जाळी आहे ना, तिला पाणी लावू नका. देवा, मी हे काय सांगतेय!

माकोपानो: पुसलं. आता माझ्या डोक्याच्या रुमालात गुंडाळते. माझ्या रुमालात आलं की ते माझं झालं, तुझं नाही. मग चालेल.

मोसा: गुंडाळा, पण आत गेल्यावर सोडा. आणि जमिनीवर नको, लिंफोच्या उशाशी धरा. ती श्वास घेते ती हवा त्याला मिळायला पाहिजे.

माकोपानो: इतकी वर्षं दुकान चालवलंय मी. यंत्र कसं धरायचं ते शिकवू नकोस. चालले आत.

मोसा: दार लावून घ्या! लावलं का? म्मे? आकडा दिसतोय का?

माकोपानो: दिसतोय.

मोसा: किती?

माकोपानो: शून्य.

मोसा: जरा थांबा. लगेच नाही चढत.

माकोपानो: थांबले. शून्य. तू म्हणतेस तर आणखी थांबते. अजून शून्य. बाहेर जाऊन तुझ्या आईला सांग, माकोपानोच्या घरात शून्य आहे.

मोसा: असं कसं होईल? म्मे, रुमाल सोडलात ना?

माकोपानो: आकड्याच्या काचेपुरतं उघडं ठेवलंय, आकडा बघायला.

मोसा: आणि जाळी?

माकोपानो: जाळी रुमालात. उघडं यंत्र तान्ह्या पोरीसमोर धरू?

मोसा: म्हणजे तुम्ही त्याचं नाक बांधून त्याला वास विचारताय. सोडा तो रुमाल, हात जोडते.

माकोपानो: सोडला बाई. घे. शून्य. आता एक झाला. परत शून्य. पटलं?

मोसा: नाही पटत. लिंफो, शेगडी कुठे आहे आत? तुझ्यापासून किती लांब?

लिंफो: शेगडी नाहीये, औसी.

मोसा: काय?

लिंफो: आईने मघाशी बाहेर नेली. मागे ठेवलीये, भिंतीपाशी.

मोसा: म्मे!

माकोपानो: ओरडू नकोस. तू खालच्या वळणावर दिसलीस तेव्हाच म्हटलं, कुणीतरी येतंय. पाहुणं आलं की कोंदट खोली कोण दाखवतं? शेगडी काढली, फटीतल्या गोधड्या काढल्या, दार उघडलं, झाडून घेतलं. एवढीही रीत नको?

मोसा: मी आत येणार नव्हते. तुम्ही मला येऊच देणार नव्हतात.

माकोपानो: म्हणून घर घाणेरडं ठेवायचं?

मोसा: शेगडी नाही, गोधड्या नाहीत, डोंगरावरचा सगळा वारा खोलीतून गेलेला, आणि मला म्हणताय शून्य. मीटर खोटं बोललं नाही, म्मे. तुम्ही त्याला खोटी खोली दाखवलीत.

लिंफो: औसी, पण मला आत्ता बरं वाटतंय. डोकं उतरलंय जरा.

मोसा: ऐकलंत?

माकोपानो: ऐकलं. नणंदेचा आवाज ऐकला की सगळ्यांनाच हुशारी येते.

लिंफो: आई, ही बघ. पितेय. ओढून पितेय गं, दुखतंय मला.

माकोपानो: पिईलच. भूक लागल्यावर पिईल नाही तर काय करेल?

मोसा: पालथ्या घड्यावर पाणी. म्मे, शेगडी बाहेर गेली, लिंफोचं डोकं उतरलं, पोर दूध प्यायला लागली. आणखी काय पाहिजे तुम्हाला?

माकोपानो: माझ्या हातात तुझं यंत्र आहे आणि ते शून्य म्हणतंय. तूच म्हणालीस, शून्य आलं तर पाया पडून गुपचूप जाईन. पड आणि जा. मला शेगडी आत घ्यायचीये, पोरीचे पाय गार पडले.

मोसा: घेऊ नका. मी सांगते म्हणून घेऊ नका.

माकोपानो: मग शेगडी आत ठेवून मापू. दार लावू. खरं काय ते कळेल.

मोसा: बाळ आत असताना? मला माहीत असलेलं विष मी मापायला म्हणून त्या पोरीला पाजू?

माकोपानो: आत ठेवायची नाही, तर मापणार कसं? न मापता ऐकायचं, तर तुझं का ऐकायचं? तू इथून गेलीस की शेगडी आत जाणार. मी खोटं बोलत नाही, तोंडावर सांगते.

मोसा: काय करू मी तुमचं! तुम्हाला बांधून ठेवू?

लिंफो: आई, स्वयंपाकाच्या झोपडीत ने ना. ती रिकामीच आहे. तिथे दार लावा आणि बघा. मला बाहेर पडता येत नाही, शेगडीला तर येतं.

माकोपानो: तिथे काय बघायचं? ती झोपडी वेगळी.

मोसा: कोळसा तोच आहे. दार तसंच आहे, छप्पर तसंच आहे, आणि तिथे तान्हं नाही. म्हणजे माझे गरम पायही चालतील.

माकोपानो: नुसती शेगडी ठेवून बाहेरून बघायचं नाही हं. तू बाहेरून काय बटणं दाबशील मला काय कळणार? मी आत बसणार. माणसाला काय होतं ते माणसाने बघावं.

मोसा: बसा. मी दाराच्या कडीला हात लावून बसते. मी म्हटलं उठा, की उठायचं. तेवढं तरी ऐकाल?

माकोपानो: बघू.

(स्वयंपाकाची झोपडी. मधोमध लाल निखाऱ्यांची शेगडी, दार ओढून घेतलेलं.)

माकोपानो: बसलो. नीट बस. दाराला चिकटू नकोस, नाहीतर म्हणशील फटीतून वारा लागला. घे, खाली पोतं लावते.

मोसा: लावा. हे तुमच्या हातात धरा. तुम्हीच वाचा, म्हणजे माझ्यावर आळ नको.

माकोपानो: शून्य. ऊब बघ कशी आहे. धूर दिसतो कुठे?

मोसा: नाही.

माकोपानो: वास?

मोसा: नाही. मी तेच सांगतेय मघापासून, नाही.

माकोपानो: नऊ झालं. आता चौदा.

मोसा: वाचत राहा.

माकोपानो: तू काय ओठ चावतेस? एवढ्याने काय होतंय? बावीस.

मोसा: म्मे, एक विचारू? त्या पुसेलेत्सोने तुमचं असं काय केलंय? ती तुमच्या नवऱ्याची सख्खी बहीण ना? ओढा ओलांडला की घर. आणि ती बाळाचं माझ्याकडे विचारते, दारात उभी राहून.

माकोपानो: माझं नाव काय?

मोसा: माकोपानो.

माकोपानो: म्हणजे?

मोसा: कोपानोची आई.

माकोपानो: सगळा गाव मला कोपानोची आई म्हणतो. दुकानात, देवळात, सरकारी कागदावर. तू कधी कोपानोला बघितलंस?

मोसा: मला वाटलं तो लांब खाणीत असेल. आमच्याकडे त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

माकोपानो: अठ्ठावीस. लिंफोच्या आधीचा तो. अशीच थंडी. अशीच बोरू लावलेली खोली. पुसेलेत्सो तिच्या दिराच्या मयताहून आली आणि मला न विचारता सरळ आत शिरली. भाचा झाला म्हणून हुरळली होती. उचलला, वास घेतला त्याचा, नाचवला. मी म्हटलं, पुसेलेत्सो, तुझी पावलं. ती हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपानो गार होता. सदतीस झालं हे.

मोसा: म्हणून तुम्ही तिच्याशी—

माकोपानो: तिच्या तोंडावर थुंकले मी. सगळ्यांदेखत. म्हटलं, तुझ्या पायांनी माझं मूल खाल्लं. नंतर तिला स्वतःचं झालं नाही. लोक म्हणाले, बघा, फळ मिळालं. मीही म्हणाले.

मोसा: किती झाला आकडा?

माकोपानो: त्रेपन्न. खोटं नाही सांगत, मी त्या पोराला जिवापाड जपत होते. थंडीचा दोष यायला नको म्हणून दाराच्या फटीत गोधडी कोंबली होती. खिडकी शेणामातीने लिंपून टाकली होती. ती येऊन गेल्यावर तर मी आणखी घाबरले. म्हटलं, पोराला ऊब पाहिजे. निखारा वाढवला. चांगला, लाल, एकसारखा निखारा. धुराचा—

मोसा: म्मे?

माकोपानो: धुराचा पत्ता नव्हता.

मोसा: म्मे, आता उठू या.

माकोपानो: थांब. मलाही त्या दिवशी डोकं दुखत होतं. उलटी झाली होती. मी म्हटलं, मूल गेल्यावर आईला होणारच. पण ते मूल गेल्यावर नव्हतं गं. आदल्या रात्रीपासूनच होतं. हे काय आता? हे काय किंचाळायला लागलं?

मोसा: तो भोंगा आहे. हवा वाईट झाली की वाजतो. चला बाहेर.

माकोपानो: बंद कर ते.

मोसा: मी नाही करणार. आपण बाहेर गेलो की आपोआप गप्प बसेल. उठा म्हणते ना!

माकोपानो: आकडा अजून चढतोय. एकशे दहा. बघू दे मला कुठपर्यंत जातो.

मोसा: तुम्ही कबूल केलं होतंत, उठा म्हटलं की उठायचं.

माकोपानो: बघू म्हटलं होतं. एकशे तीस. तोही रडत नव्हता, मोसा. बायका यायच्या बाहेरून विचारायला. मी म्हणायचे, सोनं आहे, रडणं म्हणून माहीत नाही.

मोसा: हात द्या इकडे. माझ्या गळ्यात हात टाका. पाय उचला. हा उंबरा. झालं. बसा इथे दगडावर, तोंड वाऱ्याकडे करा.

माकोपानो: डोकं गच्च झालंय.

मोसा: होणारच. घ्या श्वास. एवढ्याशा वेळात तुमचं झालं. ती पोर तिथे रात्र-रात्र झोपते.

माकोपानो: गप्प बसलं ते.

मोसा: हवेत आलं ना. बघा, आकडा उतरतोय.

लिंफो: आई! काय किंचाळलं तिकडे? ही दचकून उठली. गळा काढलाय नुसता, ऐकतच नाही.

माकोपानो: रडू दे.

लिंफो: अगं, जीव घाबरतो माझा. पाजते तरी थांबत नाही.

माकोपानो: रडू दे म्हटलं ना तिला. थोपटू नकोस. मला ऐकायचंय.

मोसा: लिंफो, दार सताड उघड आणि दोघी घोंगड्यात गुंडाळून बसा. मी मोलेफीला निरोप धाडते, गाडी घेऊन येईल. आजच्या आज दोघींना दवाखान्यात दाखवायचं. बोरू असताना बाळंतीण बाहेर जात नाही ही गोष्ट कुणी काढू नका, मी ऐकणार नाही.

माकोपानो: कुणी काढली?

मोसा: आणि तुम्हीही चला. रक्त तपासून घ्या.

माकोपानो: मला काय धाड भरलीये? रात्री शेगडी नाही, मग ऊब कशी द्यायची ते सांग. नुसतं नाही नाही म्हणून पोर थोडीच गरम राहते?

मोसा: आईच्या अंगाशी, घोंगड्यात. आणि दगड. बाहेर जाळावर दगड तापवायचा, फडक्यात गुंडाळून अंथरुणात ठेवायचा, बाळाच्या अंगाला न लावता. मी मोलेफीला धुरांड्याची चूल आणायला लावते.

माकोपानो: दगड माझी आजीही तापवायची. आम्ही कोळसा मिळायला लागला म्हणून सोडून दिलं. म्हटलं, दगडाचा काय थाट. ती शेगडी बाहेर ओढ. झोपडीत नको. अंगणात, त्या कोपऱ्यात.

मोसा: ओढते. पाणी मारू का?

माकोपानो: नको, तिच्यावरच दगड ठेव. एवढ्या निखाऱ्याचं निदान काहीतरी होऊ दे. ती पिशवी कुठे आहे?

मोसा: कोणती?

माकोपानो: पीचांची. ओढ्यात टाकलीस?

मोसा: मी अजून परत ओढ्यावर गेलेच कुठे? इथेच आहे.

माकोपानो: लिंफोच्या उशाशी ठेव. उकडून दे तिला. पुसेलेत्सोच्या झाडाची आहेत, गोड असतात. निदान तेव्हा तरी होती. आता कशी असतात मला माहीत नाही.

मोसा: म्मे, तुम्ही कुठे उठताय? अजून उभं राहू नका.

माकोपानो: ओढ्यापलीकडे जाऊन येते.

मोसा: आत्ता? डोकं गरगरतंय तुमचं. मी जाताना सांगेन ना तिला.

माकोपानो: काय सांगशील? मीटरवर आकडा आला, म्हणजे पुसेलेत्सोचे पाय गारच होते? हे दुसऱ्याच्या तोंडून सांगतात का? थुंकले मी, पायांनी जाणार मी. माझी काठी दे.

मोसा: ती दार लावून घेईल तुमच्या तोंडावर.

माकोपानो: लावू दे. मी इतकी वर्षं लावलं. मी बाहेर उभी राहते तिच्या अंगणात, तू माझ्या अंगणात राहिलीस तशी. आणि तू अशी खांबासारखी उभी काय राहिलीस? पोर रडतेय, आत जा.

मोसा: मी? पण माझी पावलं, म्मे. मी मयताहून आलेय.

माकोपानो: बादलीत कोरफडीचं पाणी आहे ना, पाय धू. चांगले चोळून धू, बोटांच्या मधले. मग जा आत, उचल तिला, वास घे तिचा. आत्या आहेस तू तिची.

मोसा: बरं.

माकोपानो: आणि मागे दार ओढून घेऊ नकोस. उघडंच राहू दे.